ओल्या पडद्याचा तांडेल

कुठलाही सिनेमा असो, तांडेलमामा त्यात समुद्र आणायचाच. पडद्यावर राजवाडा असला तर खिडकीबाहेर समुद्र असल्याचं तो सांगायचा. वाळवंटातून उंट चालले असले तर ते बंदराकडे निघालेत म्हणायचा. एकदा पडद्यावर साधी नदी होती, तिच्या काठी नायिका धुणं धूत होती. मामानं त्या नदीला तिथल्या तिथं समुद्रापर्यंत नेलं, मचवा लावला, वादळ उठवलं, आणि नायिका पिळे झटकून घरी गेली तरी त्याचा मचवा परतला नव्हता. खेळ संपल्यावर मी त्याला गाठून विचारलं, "मामा, नदीच होती ना ती?" मामा म्हणाला, "नदी खंय जाता? दर्याक. मी जरा फुडे गेलंय, तुझा काय गेला?"

मूकपटाला शब्द देणारा माणूस, म्हणजे हा मामा. ज्या वाचकांनी तंबूतला सिनेमा पाहिलाय त्यांना असा माणूस माहीत असेल. मोठ्या शहरांत बोलपट येऊन जुने झाले होते, पण आमच्या नळदुर्गाला निजामी राज्यात जे येई ते शिळंच येई. मूकपटांची झिजलेली रिळं घेऊन एक तंबू सोलापूरच्या सडकेनं यायचा, खंडोबाच्या जत्रेला लागायचा आणि चालला तर पाडव्यापर्यंत मुक्काम ठोकायचा. पडद्याच्या कडेला, बांबूला टेकून, डोक्याला लाल फडकं बांधलेला एक काटकुळा माणूस उभा राही आणि चित्र हललं की बोलू लागे. राजाचा आवाज त्याचाच, राणीचा त्याचाच, घोड्याचाही त्याचाच. पहिल्याच वर्षी त्यानं जाहीर केलं होतं, "ह्या पडद्याचो तांडेल मी. मी सांगतंलय तशी होडी जातली." तांडेल म्हणजे होडीचा मुख्य, हे आम्हाला त्याच दिवशी कळलं. त्याचं खरं नाव कुणी विचारलं नाही.

मामा दक्षिण कोकणातला. देवळासमोरच्या अंगणात रात्र रात्र चालणाऱ्या सोंगांच्या नाटकात तो लहानपणी कासव व्हायचा, पुढे राक्षस झाला. मग मुंबईला एका सिनेमा कंपनीत लागला. तिथं त्याचं काम काय, तर निळ्या कापडाचं एक टोक धरून ते हलवायचं. दुसरं टोक दुसरा एक कोकणी माणूस धरी. कॅमेऱ्याला त्या लाटा दिसत. "खरो समुद्र शंभर पावलांवर होतो," मामा सांगे, "पण थंय नटीचो पदर भिजता. म्हणून माझो समुद्र." बोलपट आले, कंपनी बुडाली, लाटा हलवणारे रस्त्यावर आले. मामा त्या लाटांवरून वाहत वाहत आमच्यासारख्या कोरड्या मुलखात येऊन लागला.

मी त्या वेळी निजामी राज्याविरुद्ध पत्रकं लिहीत असे. आमच्या सभांना इजाजत मिळत नसे, तंबूला मिळे. सरहद्दीपलीकडे सोलापुरात पत्रकं छापून घ्यायची, भुशाच्या पोत्यातून आणायची आणि वाटायची, हे आमचं काम. चार माणसं गोळा झाली की पोलीस ठाण्याच्या अमीनसाहेबांचा शिपाई नावं विचारायला यायचा, आणि इकडे तंबूत चारशे माणसं रोज गोळा होऊन समुद्र बघायची. मला त्याचा संताप यायचा. स्पष्टच लिहितो, आजही येतो. ज्या गावात चैत्रात घागरीला रांग लागते त्या गावाला जहाजाचं काय कौतुक? मी तसं एक पत्रकच काढलं होतं. मामानं ते दिव्याजवळ धरून सावकाश वाचलं आणि परत दिलं. "बरा असा. पण उद्गारचिन्हा किती रे! वारो नाय आणि शिडा उभारलीस."

पण गाव मामानं भिजवून टाकलं होतं, हे कबूल करावं लागेल. बैल हाकणारा गडी "हुर्र" म्हणायचा सोडून "वल्हव रे, वल्हव" म्हणायला लागला. पोळ्याला बैलांच्या पाठीवर वेलबुट्टी काढायची आमची रीत, तिथं लाटा आणि मासे आले. मासे कसे काढायचे हे ठाऊक नसल्यानं त्यांना पापण्या होत्या. लग्नात वाजंत्रीवाले मामाच्या तोंडचं होडीचं गाणं वाजवायला लागले आणि वरात त्या ठेक्यावर डुलत जाऊ लागली. गोंदणारीकडे पोरी तुळशीवृंदावनाऐवजी शीड मागू लागल्या. हद्द म्हणजे माझ्या वडिलांनी आमच्या किराणा दुकानाच्या फळीवर एक जहाज रंगवून घेतलं. आम्ही घरात कानडी बोलतो. जहाजाला आमच्या बोलीत हडगु म्हणतात, पण आमच्या सात पिढ्यांत कुणी हडगु पाहिलेला नव्हता. रंगवणाऱ्यानंही नव्हता. त्यानं जहाजाला दोन चाकं काढली. वडील म्हणाले, "असू दे, ओळखू तरी येईल."

मी मामाशी यावरून भांडलो. म्हणालो, "मामा, हे सगळं मुंबईचं उष्टं. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात काय माणसं राहत नाहीत? आमचं एक तरी रान पडद्यावर का दिसत नाही?"

मामा तंबूच्या खुंट्या ठोकत होता. ठोकता ठोकताच म्हणाला, "अरे वाण्याच्या पोरा, सोपा असा. नटाक रडूक इला काय तो समुद्रार जाता. कित्याक? स्टुडिओच्या मागच्या दारात समुद्र! भाडा नाय, तिकीट नाय. तुमच्या नळदुर्गात स्टुडिओ असतो तर तो जोंधळ्याच्या रानात रडलो असतो, आणि माझ्या गावची पोरा जोंधळो कसो दिसता म्हणून भांडली असती."

मी त्यावर एक लांबलचक उत्तर दिलं. ते इथं लिहीत नाही. मामानं तेवढ्यात चार खुंट्या ठोकल्या.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहितोय तिच्याकडे येतो. तंबूतला पडदा कापडाचा. तो कोरडा असला तर यंत्राच्या बाजूलाच चित्र नीट दिसतं, पलीकडून नुसता धुरकट पांढरा डाग. पण कापड पाण्यानं चिंब केलं की उजेड आरपार जातो आणि पडद्याच्या मागूनही चित्र दिसतं. म्हणून मालक पडदा भिजवायचा. खेळाच्या आधी एकदा आणि मध्यंतरात एकदा, मामा पितळी पिचकारीनं वरपासून खालपर्यंत पाणी मारायचा. पुढं पाटील, सावकार, अमीनसाहेब खुर्च्यांवर, त्यांच्यामागं गाव जाजमावर. आणि पडद्याच्या मागं, बांधाला चिकटून, मातीत, गावकुसाबाहेरची माणसं. तिकीट त्यांनाही होतं. अर्धं होतं, पण होतं.

मागून चित्र दिसतं, पण उलटं. अक्षरं उलटी, ते एक वेळ चालेल, कारण पुढच्यांतही वाचणारे थोडेच. पण तलवार डाव्या हातात, जेवण डाव्या हातानं, लग्नात नवरा नवरीच्या चुकीच्या बाजूला. खेळाच्या आरंभी निजाम सरकारची तसबीर पडद्यावर यायची आणि सगळ्यांनी उभं राहायचं. मागची माणसं उलट्या तसबिरीपुढं उभी राहायची. आणि संतापाची गोष्ट अशी, की पडद्यावर मारायचं पाणी यायचं गावच्या आडातून. ज्या आडात त्यांना घागर बुडवायची बंदी, त्या आडाच्या पाण्यातून त्यांनी सिनेमा बघायचा.

मागच्या बाजूला पुढं बसायचा मान हरणाबाईचा. हरणाबाई म्हणजे दोर वळणारी म्हातारी. घायपाताचा वाख काढून ती असा दोर वळायची की तंबूचा मालक सोलापूरचे दोर टाकून तिचे घ्यायचा. मामा आणि ती, दोघांचं दोरावरून जमलं होतं. मामा तिला होडीच्या गाठी दाखवी, ती त्याला दाव्याच्या. तिसऱ्या कुणाला त्या बैठकीत जागा नसे. मी एकदा माझी पत्रकं घेऊन तिच्याकडे गेलो आणि मागं बसवण्यातला अन्याय तिला समजावू लागलो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आप्पा, ते समदं खरं," ती म्हणाली. "पर मला येकच सांगा. तुमच्याकडला किसन कोन्त्या हातानं जेवतो?"

"उजव्या."

"आमचा डावरा हाय. डाव्या हातानं जेवतो, डाव्या हातानं आशीर्वाद देतो. मला मरायच्या आदी येकदा उजव्या हाताचा किसन बघायचाय. बास. तुमचं सवराज्य येईल तवा येईल."

शेजारी मामा दोराचं टोक दाताखाली धरून बसला होता. त्यानं ते काढलं आणि म्हणाला, "गो हरणाबाय, तुका एकदा सुलटो खेळ दाखवतलंय. ह्या तांडेलाचो शब्द." ती हसली. दात नसलेली, सगळ्या तोंडानं हसणारी म्हातारी. म्हणाली, "मामा, तुमी समिंदर आनता नदीत. तुमचं काय सांगावं."

त्यानंतर मामा तिच्यासाठी तंबूच्या मालकाच्या मागं लागला. एक खेळ मागच्यांना पुढं बसू द्या, जाजमाच्या शेवटच्या टोकाला का होईना. मालक वाईट माणूस नव्हता, भित्रा होता. "पुढचे उठून गेले तर तंबू कुणाच्या जिवावर उभा करू?" म्हणायचा. वर्ष तसंच गेलं. पुढच्या जत्रेला मामा परत आला आणि परत विचारू लागला. मालकानं परत नाही म्हटलं.

त्या वर्षी पाऊस जेमतेम झाला होता. फाल्गुनातच आडाचा तळ दिसायला लागला. एका सकाळी मामा पडद्यासाठी घागरी घेऊन आडावर गेला तर पाटील तिथंच उभे.

"काय रं कोकन्या, पडद्याला पानी? हितं जनावरं तान्हेली हायती."

मामा म्हणाला, "जनावरांक आधी. बरोबर असा." आणि रिकाम्या घागरी घेऊन परत आला. यात पाटलांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. चूक पुढं आहे.

ही बातमी हरणाबाईला कळली. पडदा कोरडा म्हणजे मागची बाजू अंधारात. संध्याकाळी ती आणि तिच्या वस्तीवरच्या बाया डोक्यावर घागरी घेऊन तंबूवर आल्या. बोरी नदीच्या पात्रात वाळू उकरून त्यांनी आपला झिरा केला होता, त्याचं ते पाणी. झिऱ्याला पाणी यायला किती वेळ बसावं लागतं हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच त्या घागरींची किंमत कळेल. "आमच्या डोळ्यासाठी आमचं पानी," हरणाबाई मालकाला म्हणाली. "कुनाचं काय जात न्हाय."

मालक खूश झाला. पडदा भिजला, खेळ झाला. द्वारकेचा खेळ होता. कृष्ण पडद्यावर आला की पुढच्या बाजूनं लोक हात जोडत, कुणी नारळ फोडी, पाटलांचा गडी ओवाळायला निरांजन घेऊन यायचा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गावात नवाच प्रश्न उभा राहिला. पडदा कुणाच्या पाण्यानं भिजलाय? मग त्या पडद्यावर जो देव आला, त्याला हात कसे जोडायचे? कुणी म्हणालं, कापड विटाळलं. कुणी म्हणालं, देव उजेडाचा असतो, कापडाचा नसतो, त्याला विटाळ नाही. सावकार म्हणाले, उजेड पाण्यातून गेला ना? गेला. मग? या विषयावर चावडीत सकाळपासून दुपारपर्यंत शहाणीसुरती माणसं भांडत होती. मी तिथं हजर होतो. राज्य कुणाचं, कर किती, पोरांना शाळा का नाही, यावर त्या चावडीत मी कधी एवढी चर्चा ऐकली नव्हती.

शेवटी पाटलांनी निकाल दिला. पडद्याला पाणी लावायचं नाही, ना आडाचं ना झिऱ्याचं. मागची बाजू बंद. मालकानं मान डोलावली. त्याला यंत्राचा एक जादा भाग आणायला सोलापूरला जायचं होतं. जाताना मामाला बजावून गेला, "मी येईपर्यंत पडद्याला थेंब लावायचा नाही. कळलं?"

मामा म्हणाला, "पाणी नको? बरा. नको तर नको."

मला हे सहन झालं नाही. मी मामाला गाठून नाही नाही ते बोललो. म्हणालो, उद्या तंबूच्या दारात आम्ही आडवे पडू, पत्रक तयार आहे. म्हणालो, तुम्ही किनाऱ्याची माणसं वारा बघून शीड फिरवणारी. मामा रागावला नाही. "शीड फिरवूचाच लागता रे. नायतर होडी जायत कशी?" आणि जाता जाता म्हणाला, "उद्या ये. पत्रका घराक ठेव. हरणाबायक आणि तिच्या माणसांक सांग, घागरी घेऊन येवा म्हणून."

"पाण्याला बंदी आहे ना?"

"घागरींक नाय."

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी गेलो. यंत्र चालवणारा चाँदभाई तंबूबाहेर बिडी ओढत उभा होता. हा आमच्याच गावचा, कमी बोलणारा, यंत्राला हात लावायच्या आधी बिस्मिल्ला म्हणणारा माणूस. यंत्राची पत्र्याची खोली पुढच्या दाराशी बंद होती. मला बघून चाँदभाई म्हणाला, "पिछू जाको बैठो, आप्पा. आगे आज कुछ नै."

मी पडद्याच्या मागं गेलो आणि बघतच राहिलो. बांधाच्या टोकाला, जिथं बाया लेकरं घेऊन बसत, तिथं यंत्र उभं होतं. दुपारभर दोघांनी मिळून ते खोलीतून काढून, तंबूला वळसा घालून, पाठीमागं आणून ठेवलं होतं. तेलाच्या इंजिनापर्यंतची तार हरणाबाईच्या दोरानं बांबूला बांधलेली होती. पडदा खडखडीत कोरडा. भरलेल्या घागरी ओळीनं बांधावर.

पुढं सगळे येऊन बसले. खुर्च्या भरल्या. इंजिन सुरू झालं, चाँदभाईनं बिस्मिल्ला म्हणून हँडल फिरवलं. मागची जागा अरुंद, त्यामुळं चित्र जरा लहान पडलं, पण पडलं स्वच्छ. सरकारची तसबीर आली, आम्ही मागचे उभे राहिलो. पुढचे कशासाठी उभं राहायचं ते न कळून बसूनच राहिले.

मग द्वारका आली. मामा नेहमीच्या बांबूला टेकून उभा होता, पण आज तोंड आमच्याकडे. कृष्ण ताटावर बसला. ताटाकडे हात गेला. उजवा.

हरणाबाईनं आपले दोन्ही हात पुढं धरून बघितले, जणू कुठला कुठला ते ताडून पाहत होती. शेजारची बाई ओरडली, "आगं हरणे, उजवा!" आणि मागच्या बाजूला असा गलका उठला की मामाला आवाज चढवावा लागला.

पडद्यापलीकडे अंधार आणि चुळबुळ. पाटलांचा आवाज आला. "ए कोकन्या! काय लावलंय रं हे? चित्र कुठाय?"

"हंय असा," मामा इकडून म्हणाला.

"आमाला दिसंना!"

"कापड कोरडा असा, पाटीलसाहेब. कोरड्यातसून नाय दिसाचा. तुमचोच हुकूम."

अमीनसाहेब कंदील घेऊन वळसा घालून मागं आले. त्यांनी यंत्र बघितलं, घागरी बघितल्या, आम्हाला बघितलं. "ये क्या तमाशा है?"

चाँदभाई हँडल न थांबवता म्हणाला, "हुजूर, इजाजत में तंबू लिखा है, पर्दा लिखा है. मशीन कौन बाजू रखना, सो नै लिखा."

अमीनसाहेबांनी कंदील खाली ठेवला, बांधाला टेकले आणि तिथंच उभं राहून खेळ बघू लागले. त्यांना बहुधा परत जाऊन अंधारात बसायचं नव्हतं. राज्याबद्दल माझं जे मत तेच आहे, पण त्या माणसाबद्दल त्या संध्याकाळपुरतं मी वाईट लिहिणार नाही.

पुढचे काही जण उठून गेले. पाटील गेले नाहीत. उठून गेले असते तर गावानं ते पाहिलं असतं. वळसा घालून मागं आले असते तर तेही पाहिलं असतं. ते अंधारात खुर्चीवर बसून राहिले आणि पलीकडचं हसणं ऐकत राहिले. शेवटी त्यांचा आवाज आला, पहिल्यापेक्षा खूप खाली. "वत पानी. पडदा भिजीव."

मामानं पिचकारी उचलली. पण घागरीवर हात होता हरणाबाईचा.

"घागर माझी हाय, मामा," ती म्हणाली. नजर पडद्यावरच. "मध्यंतरापत्तूर थांबा म्हनावं. आत्ता पान्याचा फवारा मदी येईल."

आणि नळदुर्गाचे पाटील मध्यंतरापर्यंत थांबले. मध्यंतरात मामानं झिऱ्याच्या पाण्यानं पडदा चिंब केला. उरलेला खेळ त्यांनी आणि सावकारांनी पुढून पाहिला. त्यांच्या वाट्याला त्या दिवशी डावरा कृष्ण आला. निरांजन पेटवलेलं होतं. ते ओवाळलं की नाही, मला पडद्याच्या मागून दिसलं नाही.

याची किंमत दिली गेलीच. मालक परतला, पाटलांनी त्याला तंबू उखडायची भाषा केली, मालकानं मामाला काढून टाकलं. चाँदभाईला यंत्रासाठी ठेवावं लागलं. हरणाबाईकडून गावानं वर्षभर दोर घेतला नाही. पोळ्याला बैल सोलापूरच्या दोरानं सजले. ती डोक्यावर भारा घेऊन तुळजापूरच्या बाजाराला जाऊ लागली. त्या वयात. मी यावर पत्रक काढलं. या वेळी उद्गारचिन्हं कमी होती.

मामा गेला त्या सकाळी सोलापूरच्या मोटारीपाशी आम्ही दोघंच होतो, हरणाबाई आणि मी. मामाजवळ एक पत्र्याची पेटी आणि ते लाल फडकं. मी विचारलं, "आता कुठं?" म्हणाला, "वारो नेयत थंय." हरणाबाईनं घायपाताच्या दोराचं एक वेटोळं त्याच्या हातात ठेवलं. मामानं ते उलगडून दोन ठिकाणी ताणून पाहिलं, जसा खरेदी करणारा पाहतो. मग म्हणाला, "ह्या दोरान होडी बांधली तर वादळातय सुटाची नाय गो." ती म्हणाली, "मग बांधा की येकादी." मोटार हलली. तो खिडकीतून हात हलवत राहिला, आधी उजवा, मग डावा.

परत येताना हरणाबाई नदीच्या उतारावर थांबली आणि म्हणाली, "आप्पा, येक ध्यानात आलं का तुमच्या? त्या दिशी मी समदं सुलट बघितलं. किसनाचा हात बदलला, तलवारी बदलल्या, दारं हिकडची तिकडं गेली. समिंदर तेवढा तसाच. फुडून बी तसाच, मागून बी तसाच."



"म्हनून आनायचा त्यो," ती म्हणाली. "आमच्यासाठी. तेवढंच येक आमाला बराबर दिसायचं." आणि उतार उतरायला लागली.

आता निजामाचं राज्य गेलंय. तालुक्याला पत्र्याच्या छपराचं टॉकीज झालंय. तिथला पडदा भिंतीला खिळलेला, मागं बसायला जागाच नाही, म्हणून सगळे पुढं. म्हणजे आमची माणसं सुधारली असं कुणी समजू नये. खुर्च्यांपासून चार हात सोडून मातीत बसायची जागा अजून वेगळीच आहे, आणि त्याबद्दलचं माझं पत्रक ज्यांना हवं त्यांनी मागून घ्यावं. बोलपट आता स्वतःच बोलतो. तांडेलमामाचं पुढं काय झालं ते कळलं नाही. सोलापूर, बार्शी, पंढरपूर, जिथं तंबू दिसला तिथं मी चौकशी केली.

परवा हरणाबाईला घेऊन गेलो होतो. मी तिच्या शेजारी मातीतच बसलो. मुंबईचा खेळ होता. नायकाचं काहीतरी बिनसलं, त्यानं दार आपटलं आणि तो रडायला निघाला. तो कुठं जाणार हे मला ठाऊक होतं. किनारा आला, लाटा आल्या, बाजा वाजू लागला. हरणाबाईनं आधी समोर पाहिलं, मग मान वळवून मागं, जिथं यंत्राचा झोत भोकातून येतो तिथं. मग सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली,

"आला बघा आमच्या मामाचा समिंदर."

खुर्च्यांवरचे शुक्‌ शुक्‌ करू लागले. ती गप्प बसली नाही, आणि मीही तिला बस म्हटलं नाही.